डाग नसलेला चौकोन

१

सुभद्राबाईंनी धुरानं काळवंडलेल्या लाल फडक्याची गाठ सोडली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. आत त्यांच्या यजमानांचं, बापूजीबुवांचं, बाड नव्हतं. आत जुनी पंचांगं होती, एकावर एक रचलेली, कडा उंदरानं कुरतडलेल्या.

रामनवमीला तीन दिवस उरले होते. प्रतापनगरातल्या त्या घरात दरवर्षी रामजन्माचं कीर्तन होई, आणि ते बाडातून होई. बाड म्हणजे हातानं शिवलेली जाडजूड वही. बुवांनी चाळीस वर्षं तिच्यात आख्यानं उतरवली होती. कुठं टाळ थांबवायचा, कुठं श्रोत्यांकडे नुसतं बघत राहायचं, हेसुद्धा समासात लिहिलेलं. बुवा गेले, तरी त्यांचा शिष्य गिरिधर ते बाड चौरंगावर ठेवून, त्याला नमस्कार करून मगच उभा राहायचा. आज तो ते चौरंगासाठी काढून घ्यायला आला होता.

"आई, हे कसं झालं?" सुभद्राबाईंचा मुलगा नानाजी पुढं झाला. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आवाज कायम फायलीवर शेरा मारल्यासारखा.

"मला काय विचारतोस? मी माझ्या हातानं सगळं कोनाड्यातून काढलं. देव, घंटा, समई, आणि हे गाठोडं. इथं पलंगावर धूतवस्त्राखाली ठेवलं. ते चार दिवस इथंच आहे."

"म्हणजे बाड काढून आत रद्दी भरली कोणीतरी. कळू नये म्हणून." नानाजीनं मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला शेवटचा हात मारत, रंगारी बळीराम उभा होता. "ह्या खोलीतून येजा कोणाची होती?"

सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला गेले.

बळीरामनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. चाळिशीचा, हडकुळा, भुवयांवर रंगाचे बारीक थेंब. "साहेब, म्या नाही नेलं."

"तुम्हा लोकांना आमच्या देवाधर्माचं काय? विकलं असशील कुठं."

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. मले तुमचा देव नाही पाहिजे," बळीराम शांतपणे म्हणाला. "मंग त्याची वही कशाले नेऊ? अन् विकत घेईन कोण, साहेब? ती तं तुमच्याच लोकायले वाचता येते."

गिरिधरला हसू आलं, ते त्यानं उपरण्यात लपवलं. नानाजी मात्र आणखी तापला. "ठाण्यात जाऊन सांग हे."

आता कुठं बळीरामचा चेहरा उतरला. "तेवढं नका करू. सोमवारी मले हिंगण्याले कारखान्यात लागायचं आहे, पेंटर म्हणून. आठ वर्षं खेटे घातले तव्हा नंबर लागला. त्यायनं पोलिसचा कागद मागितला आहे, का माह्या नावावर काही नाही. ठाण्यात नाव गेलं का तो कागद गेला, अन् नोकरी बी गेली."

कोपऱ्यातल्या पाटावरून यमुताई उठल्या. शेजारच्याच. टेलिफोन एक्स्चेंजात सत्तावीस वर्षं कानाला यंत्र लावून ट्रंक कॉल जोडले, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. नागपुरात कुठंही कीर्तन असो, पहिल्या रांगेत डावीकडे त्या असणारच. बुवांच्या कीर्तनाला तर त्या लहान होत्या तेव्हापासून.

"नानाजी, आज बुधवार. शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांब. तोवर मी जरा विचारते सगळ्यांना."

"तुम्ही काय पोलीस आहात, मावशी?"

"नाही रे बाबा. पण माणूस बोलतो तेव्हा तारेत कुठं खरखर येते, ते मला ऐकू येतं."

२

गुरुवारी सकाळी यमुताई बळीरामसोबत स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि क्षणभर ओळखच पटेना. पंधरा वर्षं त्या ह्या खोलीत तीर्थप्रसादाला येत होत्या. एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीसमोर. आधी चूल, मग दगडी कोळशाची शेगडी. कमरेइतका गडद हिरवा ऑइल पेंट आणि त्याच्या वर नुसती काजळी. समईच्या उजेडात देवाचे डोळे तेवढे दिसायचे. दिवाळीला गॅस आला, आणि सून प्रेमिला म्हणाली, आता तरी ही कोठडी उजळू द्या.

"रंग कोणी निवडला?"

"आजी म्हणत होत्या, चुन्यात नीळ घाल. म्या म्हटलं, आजी, अंधाऱ्या खोलीत निळसर पांढरा राखेवानी दिसते. जरासा पिवळा घ्या, लोण्यावानी, म्हणजे दिवा न लावता बी उजेड वाटन. अन् छत पांढरंफेक ठेवा." बळीरामनं भिंतीवरून तळहात फिरवला. "वहिनीनं कार्डावरून हाच निवडला. रंग बरोबर आहे. भिंत बरोबर नाही."

"म्हणजे?"

"काजळी आधी खरवडा लागते. मंग सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, चांगली सुकू द्या. हिरव्या पेंटले पॉलिश पेपर मारून त्याची चमक काढा, नाही तं वरचा रंग पकडत नाही. मंग अस्तर, मंग खड्ड्यायत लांबीचा लगदा भरून घासा, मंग रंग. साहेबायले सांगतलं, आठ दिवस लागतात. ते म्हणाले, रामनवमी तोंडावर आहे, झाडून घे अन् लाव. म्या दोनदा सांगतलं, डाग वर येतीन. म्हणाले, तुले मजुरी लांबवायची आहे."

यमुताईंनी कान टवकारले. आवाजात खरखर नव्हती. राग होता, पण तो कामाचा राग होता, चोराचा नव्हे.

"तू कामाला कधी आलास?"

"सोमवारी. भिंती तव्हा सपाटच होत्या, म्या झाडल्या अन् डिस्टेंपर लावला. मंगळवारी दुसरा हात."

"पलंगावरचं गाठोडं पाहिलंस?"

"कपडा झाकलेला पाह्यला. आजीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तिकडं हात नाही लावायचा. म्या तं वाकडी वाट करून जात होतो, का धक्का बी लागू नये."

सुभद्राबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, ताट अगदी नाकाशी धरलेलं. "यमू, मी शनिवारीच कोनाडा रिकामा केला, सोवळ्यात. कोणाला हात लावू दिला नाही."

"त्या चार दिवसांत घरात कोण कोण आलं?"

"कोण येणार? हा रंगारी. गिरिधर एकदा. दूधवाला, तोही ओट्यापर्यंत. बाकी कोणी नाही."

"नक्की?"

"माझ्या घरात कोण आलं ते मला कळणार नाही का गं?"

यमुताई गेल्या ते गिरिधरकडे. कारण मागच्या वर्षी गिरिधरनं बाड मागितलं होतं आणि सुभद्राबाईंनी ते दिलं नव्हतं, हे गल्लीला ठाऊक होतं.

३

गिरिधर झांजा पुसत बसला होता. यमुताईंना पाहून म्हणाला, "या. मला ठाऊकच होतं, दुसरा नंबर माझा."

"मागितलं होतंस ना?"

"मागितलं होतं. कोळशाच्या धुरात वही कशी टिकेल, म्हणून. काकू म्हणाल्या, धूर आहे म्हणूनच वाळवी लागली नाही." तो हसला, मग गंभीर झाला. "ताई, बारा वर्षं मी बुवांच्या मागं उभा राहून धृपद धरलं. सगळं बाड माझ्या गळ्यात आहे. मला वाचायला नको ते. ते समोर असलं की बुवा समोर बसल्यासारखं वाटतं, एवढंच. चोरून आणलं, तर कोणासमोर उभा राहू मी?"

"सोमवारी तू त्या खोलीत गेला होतास."

"पलंगाशी उभा राहून नमस्कार केला. काकू शेजारीच होत्या." त्यानं झांजा खाली ठेवल्या. "एक विचारू? चोराला रद्दीच भरायची होती, तर त्यानं पंचांगंच कुठून आणली?"

तो प्रश्न यमुताईंनी पदराला गाठ मारावी तसा जपून घरी नेला. आणि दुपारी प्रेमिला हळदीकुंकवाच्या निमित्तानं डोकावली तेव्हा तिच्यापुढं ठेवला.

प्रेमिला उमरेडची. बोलायला मोकळी, पण सासरी आवाज खाली. "पंचांगं घरचीच हायेत, मावशी. मामंजी जुनी पंचांगं टाकत नसत. लाल खादीच्या एकाच थानाची त्यायनं दोन फडकी फाडली होती. एकात पंचांगं, एकात बाड. दोन्ही धुरानं सारखीच काळी पडली."

"दोन गाठोडी होती?"

"दोन. पंचांगाचं पुढं, देवाच्या पाठीशी. अन् बाडाचं एकदम आत, कोनाड्याच्या तळाशी. दिवाळीले मीच पुसत असतो ना. पण बुधवारी मले कोणी विचारलंच नाही."

"मग शनिवारी तू का नाही काढलंस?"

प्रेमिलानं नजर खाली घातली. "मी शिवायची नव्हती. मागच्या वऱ्हांड्यात बसली होती, पोत्यावर. आत पाय ठेवता येत नव्हता. सासूबाईले म्हटलं, आई, अंधार आहे, मी फक्त बॅटरी धरतो उंबऱ्याबाहेरून. तं म्हणाल्या, तिथूनच नको सावली पाडू."

यमुताई बोटांवर हिशेब मांडू लागल्या. घरात दोन गाठोडी होती. चोरानं आतला माल बदलला असता, तर आज दोन फडकी सापडायला हवी होती, एक भरलेलं आणि एक रिकामं. पलंगावर एकच आहे. मग त्यातली पंचांगं कोणी भरली नाहीत. ते पहिल्यापासून पंचांगांचंच गाठोडं. दुसरं गाठोडं पलंगावर आलं तरी होतं का?

४

शुक्रवारी सकाळी नानाजीच्या घरातून आरडाओरड ऐकू आली. यमुताई चपला न घालताच धावल्या.

स्वयंपाकघराची लोण्यासारखी भिंत रात्रीतून बिघडली होती. जागोजागी तपकिरी डाग फुटले होते, चहा सांडून वाळावा तसे. काही ओघळ थेट ओट्यापर्यंत आले होते. कमरेखाली रंगाचे पापुद्रे सुटून हिरवा पेंट डोकावत होता.

"बुवांचा कोप आहे हा," सुभद्राबाई भिंतीकडे हात जोडून म्हणाल्या. "बाड गेलं घरातून."

"कोप नाही, भेसळ आहे," नानाजी म्हणाला. "चोरी केली ती केली, रंगही खोटा लावला."

"काजळी आहे ती, नानाजी. तो तुला सांगत होता, धुऊ दे म्हणून."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका, मावशी. संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नाही आता." त्यानं खुंटीवरचा सदरा ओढला, सायकल काढली आणि तो गेला. कुठं गेला, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

प्रेमिला रडवेली झाली. यमुताई मात्र हलल्या नाहीत. बुवा म्हणायचे, गर्दी एकीकडे बघत असली की आपण दुसरीकडे बघावं, पांडुरंग बहुतेक तिथंच उभा असतो. सगळे डागांकडे बघत होते. यमुताई जिथं डाग नव्हता तिथं बघू लागल्या.

पूर्वेच्या भिंतीत, छातीच्या उंचीला, एक चौकोन स्वच्छ होता. दोन हात उंच, दीड हात रुंद. त्याच्या चारही बाजूंनी तपकिरी ओघळ आलेले. आत मात्र लोण्याचा रंग जसाच्या तसा.

"प्रेमिला, इथं काय होतं गं?"

"देवाचा कोनाडा. यायनं बुजवला ना. आता लाकडी देव्हारा आणला आहे, समोरच्या भिंतीवर."

"काजळी जुन्या भिंतीत असते. हा गिलावा नवा, म्हणून इथं डाग नाही." त्या चौकोनाजवळ गेल्या. "बळीराम सोमवारी आला, तेव्हा भिंती सपाट होत्या म्हणाला. सासूबाईंनी शनिवारी कोनाडा रिकामा केला. मग मधल्या रविवारी ही भिंत बुजवली कोणी?"

"गवंड्यानं. देवाजीनं. आमच्याच उमरेडचा आहे तो."

यमुताईंनी सुभद्राबाईंकडे पाहिलं. "वहिनी, मी विचारलं होतं, घरात कोण कोण आलं. हा का नाही सांगितलात?"

सुभद्राबाई गोंधळल्या. "तो कुठं घरात आला? मागच्या दारानं आला, काम करून मागच्याच दारानं गेला. त्याला कशाला धरायचं मोजदादीत?"

५

उमरेडच्या एस.टी.त बसायला जागा मिळाली नाही. यमुताई दांडीला धरून उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात नाम घेत गेल्या. ऊन मी म्हणत होतं. पण त्यांनी ठरवलं होतं, देवाजीला भेटल्याशिवाय पाणी प्यायचं नाही.

तो एका विणकराच्या घरी मागासाठी खोली बांधत होता. डोक्याला मुंडासं, हातात थापी. नानाजीचं नाव काढताच त्यानं थापी टोपल्यात ठेवली.

"काहून, बाई? गिलावा पडला का?"

"गिलावा मजबूत आहे, देवाजी. सगळ्या घरात तेवढाच मजबूत आहे. मला एक सांग, कोनाडा बुजवलास तेव्हा आत काही होतं?"

देवाजी लगेच म्हणाला, "होतं ना. मागच्या अंगाले, काळ्या फडक्यात बांधलेलं."

यमुताई वाळूच्या ढिगावरच बसल्या. "मग काढलं का नाहीस?"

"म्या कसा काढू, बाई? सकाळी पाय ठेवला तसंच साहेबायनं सांगतलं होतं, देवाच्या वस्तूले हात लावायचा नाही. तरी म्या एक डाव विचारलं. साहेब मोरीजवळ दाढी करून राह्यले होते. म्या म्हटलं, साहेब, कोनाड्यात देवाचं काही राह्यलं. ते आरशातूनच म्हणाले, तुले सांगतलं ना हात नको लावू, आपलं काम कर."

"आणि तू काम केलंस."

"म्हटलं, मोठ्या लोकायची रीत असन. आपण नाही का, पाया भरताना काही ठेवत? जुनी पोथी भिंतीच्या पोटात ठेवत असतीन." तो थोडा घाबरला. "पण म्या जपून केलं, बाई. गाठोड्याच्या म्होरं फरशीचा तुकडा उभा केला, का सिमेंटचा मसाला आत पडू नये. मंग विटा लावल्या. काही खराब झालं का?"

यमुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला त्या वस्तूला हात लावायची मनाई, त्यानंच तिची सगळ्यांत जास्त काळजी घेतली होती.

"नाही रे बाबा. तुझ्यामुळंच ते नीट असेल. आता मला पाणी दे."

देवाजीनं आजूबाजूला पाहिलं. "विणकराच्या घरून आणतो."

"तुझ्या मडक्यातलं दे."

त्यानं दिलं. यमुताई दोन पेले प्यायल्या आणि परतीची बस पकडायला निघाल्या. नागपुरात उतरल्या तेव्हा दिवस कलला होता, आणि स्टँडवरच गिरिधर सायकल धरून उभा होता.

"ताई, नानाजीनं रिपोर्ट दिला. बळीरामचं नाव रजिस्टरात गेलं. उद्या हवालदार त्याला न्यायला येणार आहे."

६

शनिवारी, रामनवमीच्या सकाळी, यमुताईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. सुभद्राबाई, नानाजी, प्रेमिला, गिरिधर. बळीराम दारातच थांबला होता, हातात छिन्नी आणि हातोडी. त्याला त्यांनी पहाटेच निरोप धाडला होता.

"ह्याला कशाला आणलं?" नानाजी म्हणाला. "दुपारी पोलीस येणारच आहेत."

"येऊ देत. मी एवढ्यात संपवते." यमुताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, कीर्तनात बुवा निरूपणाला उभे राहत तशा. "मी सगळ्यांना एकच विचारलं, बाडाला हात कोणी लावला. सगळे एकच म्हणाले, मी नाही. बळीराम म्हणाला, मनाई होती. प्रेमिला म्हणाली, शिवायची नव्हते. गिरिधर म्हणाला, नुसता नमस्कार केला. मी म्हटलं, यातला एक तरी खोटं बोलत असेल. दोन दिवस खरखर शोधत राहिले. मग लक्षात आलं, सगळेच खरं बोलत आहेत."

"मग बाड गेलं कुठं?"

"हात कोणी लावलाच नाही, तर जाईल कुठं? जिथं होतं तिथंच आहे."

यमुताई सुभद्राबाईंकडे वळल्या.

"वहिनी, कोनाड्यात दोन सारखी गाठोडी होती. तुम्ही अंधारात चाचपडत पुढचं काढलंत. ते पंचांगांचं. आतलं कोणाला ठाऊक होतं? प्रेमिलाला. तिला हात लावायचा नव्हता. कोणाला दिसलं? देवाजी गवंड्याला. त्यालाही हात लावायचा नव्हता. ज्यांना हात लावायचा होता, त्या तुम्ही, आणि तुम्हाला दिसत नव्हतं. बाडाला ह्या घरातून न्यायला चोर लागलाच नाही."

नानाजी म्हणाला, "गवंड्याला दिसलं, तर त्यानं सांगायला नको?"

"सांगितलं ना. तुला."

"मला?"

"रविवारी सकाळी तू दाढी करत होतास. तो म्हणाला, कोनाड्यात देवाचं काही राहिलं. तू काय म्हणालास?"

नानाजीचा हात आपोआप गालाकडे गेला. त्याला आठवलं, हे प्रत्येकाला दिसलं.

यमुताईंनी बोटं मिटून जुन्या भिंतीवर टकटक केली. आवाज घट्ट आला. मग स्वच्छ चौकोनावर केली. आतून मृदंगावरच्या डाव्या थापेसारखा खोल आवाज घुमला.

"फोड, बळीराम."

बळीराम पुढं झाला. त्यानं घाई केली नाही. चौकोनाच्या वरच्या कडेला छिन्नी लावली, गिलावा सोलून काढला, मग एकेक वीट हलवून बाहेर घेतली. चौथ्या विटेमागं फरशीचा तुकडा दिसला. तो त्यानं बाजूला केला, आणि कोनाड्याचा जुना काळोख पुन्हा खोलीत आला. तळाशी काळंमिट्ट फडकं होतं, गाठ जशीच्या तशी.

सुभद्राबाई चाचपडत पुढं आल्या. विटांच्या ढिगाशी अडखळल्या. हात आत पोचेना. "बळीराम, काढ बाबा."

बळीराम दोन पावलं मागं सरला. हातोडी खाली ठेवली, हात पँटला पुसले. "साहेबायनं सांगू द्या. इथं हात लावायची मनाई आहे."

"मी सांगते ना," सुभद्राबाई म्हणाल्या.

"तुमचं ऐकलं, आजी. पण ठाण्यात नाव साहेबायनं देलं."

नानाजीनं त्याच्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग जमिनीकडे. "काढ," तो म्हणाला.

"हात लावू?"

शेजारच्या आळीत कुठंतरी पाळणा बांधायची तयारी चालली होती, बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"लाव," नानाजी म्हणाला.

बळीरामनं दोन्ही हात आत घातले आणि तान्ह्या पोराला उचलावं तसं गाठोडं बाहेर काढलं. प्रेमिलानं पदर पुढं केला. त्यानं ते तिच्या पदरात ठेवलं. गिरिधरनं गाठ सोडली. पहिल्या पानावर बुवांचं टपोरं अक्षर होतं, एकही काना पुसला नव्हता. सुभद्राबाईंनी त्यावर बोटं फिरवली आणि त्या खालीच बसल्या.

"चाळीस वर्षं ऐकलं गं मी त्यांचं," त्या यमुताईंना म्हणाल्या. "देव हात बघत नाही म्हणायचे. मी टाळ्या वाजवायची."

"मीही वाजवायची, वहिनी," यमुताई म्हणाल्या. "पहिल्या रांगेत."

गिरिधर म्हणाला, "चला, बाराला जन्म आहे. चौरंग मांडू."

"मांडा तुम्ही," बळीराम म्हणाला. "पण माहं अजून राह्यलं आहे."

७

ठाणं तिथून दहा मिनिटांवर. नानाजी पुढं, बळीराम मागं, आणि यमुताई दोघांच्या मधून, छत्री उघडून. एका वळणावर बळीराम म्हणाला, "साहेब, भिंत मी नाही आता करू शकत, सोमवारपासून. दुसरा माणूस सांगा. पण सोड्यानं धुऊन घ्या, अन् धुतल्यावर चार दिवस सुकू द्या. अन् घाईचा माणूस बोलावू नका."

नानाजीनं मान हलवली.

हवालदार मारोतराव पंख्याखाली बसले होते. "अरे, तुम्हीच घेऊन आले का? म्या येणारच होतो." त्यांनी रजिस्टर उघडलं. "मिळाला माल?"

"मिळाला," नानाजी म्हणाला. "घरातच होता."

"मंग चोर कोण?"

"चोर नाही. माझ्या सांगण्यावरून भिंतीत बंद झाला. मी पाहिलं नाही. ह्यांचं नाव खोडा."

मारोतराव हसले. "खोडता येत नाही, नानाजी. तुम्ही हेडक्लार्क, तुम्हाले काय सांगायचं. रजिस्टरात गेलं ते गेलं. खाली नवीन लिहावं लागते, कारणासकट. अन् सही तुमची."

यमुताईंनी नानाजीकडे पाहिलं. आता हा दोन ओळींत उरकेल, गैरसमज झाला वगैरे लिहील, असं त्यांना वाटलं. कचेरीत अशी वाक्यं तयारच असतात.

नानाजीनं खुर्ची ओढली. दौत जवळ घेतली. "मीच लिहितो," तो म्हणाला, आणि लिहू लागला. लिहिताना तो दोनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लिहिलं. मग रजिस्टर मारोतरावांकडे सरकवलं.

"वाचून दाखवा," बळीराम म्हणाला.

मारोतरावांनी रजिस्टर हातात घेतलं.

"तुम्ही नाही, साहेब. त्यायनं."

ठाण्यात तेव्हा पाचसात माणसं होती. सायकल हरवलेला एक मास्तर, भांडून आलेले दोघे भाऊ, चहा आणणारी तुळसाबाई. सगळ्यांनी माना वळवल्या. नानाजी उभा राहिला. रजिस्टर त्यानं छातीशी धरलं, आणि सुरुवातीला पुटपुटत, मग आवाज साफ करून वाचलं.

"माझ्या घरातून वही चोरीस गेल्याबद्दल मी काल बळीराम यांचं नाव दिलं. ते खोटं होतं. वही माझ्याच हुकुमानं भिंतीत बंद झाली. गवंड्यानं मला विचारलं असता मी न पाहता त्याला हात लावू नको म्हणालो. बळीराम यांनी मला भिंतीबद्दल खरं सांगितलं, तेही मी ऐकलं नाही. त्यांचा कशाशी संबंध नाही. चूक माझी आहे."

त्यानं सही केली. तारीख घातली. टीपकागद दाबला.

बळीरामनं शाई पूर्ण वाळेपर्यंत वाट पाहिली. मग तो मारोतरावांच्या टेबलासमोर सरळ उभा राहिला.

"आता माहा कागद करून द्या, साहेब. सोमवारी सातची पाळी आहे."